भाजीवालीचा आवाज

२ जून, लातूर
मुदखेडहून आले एकदाची! गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, तीही लातुरात. पुण्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणींचा विश्वासच बसेना. क्लासेसच्या गल्लीत वरचा मजला, मोजके कॉम्प्युटर आणि रेकॉर्डिंगची काचेची खोली. लहान मुलांसाठी आठवडी बाजाराचा गेम बनतोय. बाजारात फिरायचं, घासाघीस करायची. खेळून चुका शोधायच्या, हे माझं काम. लहानपणी ज्यासाठी मार खाल्ला, त्याचाच पगार मिळणार. मालक सिद्धराम म्हणाले, इथं आपण सगळे एक कुटुंब. म्हणजे रविवारची सुट्टी विसरा, हे मी ओळखलं.

५ जून
इथली रीत आहे, नव्या माणसाने गेममधल्या एका पात्राला आवाज द्यायचा. पुण्याच्या नट्यांना आपली बोली जमत नाही म्हणे. कॉलेजात ‘हो’ऐवजी ‘हाव’ म्हटलं की सगळे खिदळायचे, इथं तेच हवंय. मग काय, भाजीवाली झाले. ‘हाव माय, लई ताजी हाय, घेऊन जा की.’ फार बरं वाटलं.

९ जून
आईचा फोन. जेवलीस का, म्हणाली. ‘हाव’ म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच निघेना. बाकी सगळं बोलता येतंय. ‘हो’ म्हणून वेळ मारून नेली. आई म्हणाली, तू लातूरला गेलीस का पुण्याला?

नंतर एकटीच आरशासमोर बसले. ‘लई’ गेलंय. ‘माय’ गेलंय. रेकॉर्ड केलेला एकही शब्द तोंडातून निघत नाही.

१२ जून
गेममधल्या पानवाल्याला बजरंगचा आवाज आहे. तो माझ्याआधी इथं होता, नोकरी सोडून अहमदपूरला गेला. आज चुका शोधताना पानवाल्यासमोर थांबले, तर तो थेट माझं नाव घेऊन म्हणाला, ‘पंचशीला, सोताचं नाव नको सांगू त्यायला.’ हे वाक्य कुणीच लिहिलेलं नाही. मी स्क्रिप्टमध्ये सगळीकडे शोधलं.

१४ जून
सुट्टी न मागता एसटीने अहमदपूर गाठलं. बजरंग ओट्यावर बसलेला. त्याची आई तुळजाबाई म्हणाली, ‘लातूरहून आला तवापासून बोलूनच न्हाई राहिला.’ शेवटी काय रेकॉर्ड केलंस, मी विचारलं. त्याने मातीत बोटाने लिहिलं: माझं नाव.

परत येताना भीती वाटली, पण संताप जास्त आला. माझी बोली काय ह्यांच्या बापाची आहे?

१६ जून
सिद्धरामला तोंडावर विचारलं. शांतपणे म्हणाला, गेम जिवंत करायचा तर जीव ओतावा लागतो. आता फक्त तुझं नाव राहिलंय. परवा लाँच.

नाव देणार नाही, म्हटलं. तो हसला. बजरंगही असंच म्हणाला होता म्हणे.

१७ जून
शिव्या! गेम मुलांचा, म्हणून शिव्या कुणी रेकॉर्डच केल्या नाहीत. माझ्याकडे त्या शाबूत आहेत, नळावरच्या भांडणांत ऐकलेल्या सगळ्या. मुलांच्या गेममध्ये शिवी सापडली की ॲप स्टोअरवरून गेम उडतो, हे चुका शोधणारीला नाही तर कुणाला माहीत?

सगळे जेवायला गेले तेव्हा काचेच्या खोलीत बसले. पोटातून दिल्या. भाजीवालीच्या नमस्कारावर चढवल्या. त्यांच्यासोबत उरलंसुरलं बोलणंही गेलं, आता तोंडात एकही शब्द नाही. असू दे.

१८ जून
दुपारपर्यंत गेम उडाला. पालक खवळलेत. मुक्यानेच हसले.

संध्याकाळ—
तुळजाबाईचा फोन. बजरंग बोलला म्हणे, थेट शिवीच दिली. रडत होती, घाबरलेली होती. फोन त्याच्या तोंडाशी धरला—

आवाज माझा होता.

१९ जून
हरकत नाही. गेममधून सुटलेला माझा आवाज अहमदपुरात राहील. सिद्धरामकडे तर नाही ना—

दार वाजतंय, सिद्धराम आलाय. दाराच्या फटीतून लिहून दाखवलं, माझ्याकडे काही उरलं नाही—

आत आलाय. म्हणतो, पुढच्या गेममध्ये पत्रं आहेत, तुझ्या हातचं अक्षर हवंय. फोनचा कॅमेरा ह्याच पानावर धरलाय— बोटं जड— नाव लिही म्हणतो—

नाही लिहिणार. आवाज दिला तो मी दिला, तू घेतला नाहीस. अक्षर देणार ना