आठव्या सकाळचा फ्यूज

दादा, छंद म्हणून सर्किट जोडणाऱ्यांसाठी आज एक लेख लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत तुमची प्रवासी जीप डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. लेख संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. तो बाजूला सारून हे लिहितेय, आणि हात थांबत नाही.

विषय रिलेचा. इवल्याशा करंटवर मोठी वस्तू चालू-बंद करणारं ते बटण. बारावीच्या सुट्टीत, हिंगोलीकडच्या आपल्या गोरेगावच्या घरात, मी ते प्लास्टिकच्या डब्यात बसवलं होतं. घड्याळाचा गजर झाला की डब्यातला रिले टक्क वाजणार आणि तुमचा बातम्यांचा रेडिओ लागणार. काका तुम्हाला म्हणाले, तुझी पोरगी घर जाळील. तुम्ही म्हणालात, "आठ दिवस रेडिओ आपल्या आपण लागला, तर डिप्लोमाचा फॉर्म मी आणतो. न्हाई लागला, तर काकाचं ऐकायचं." काकांचं ऐकायचं म्हणजे लग्न, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

रिलेला करंट देणारा ट्रान्झिस्टर, डब्यातला तो तीन पायांचा इवला भाग, दोनदा जळला. दोन्ही वेळा हिंगोलीच्या फेरीत तुम्ही नवा आणलात, शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. दुसरा हातात देताना, मी ज्या मासिकात बघून जोडणी करत होते त्यातल्या आकृतीवर तुम्ही बोट ठेवलंत.

"हा बाण काहून न्हाई लावला?"

"तो डायोड आहे, दादा. रिले चालू असताना तो काहीच करत न्हाई."

"स्टेपनी बी काही करत न्हाई. घरी ठेवून जाऊ?"

मी हसले, पण मग नीट वाचलं. रिलेच्या कॉइलमधला करंट एकदम तोडला की उलटा झटका ट्रान्झिस्टरवर येतो. डायोड त्याला फिरून विरायला वाट देतो. तुम्हाला वाचून दाखवलं. "व्हय तर," तुम्ही म्हणालात, "करकचून ब्रेक मारला की मागची सगळी माणसं माझ्याच मानेवर येतात." इतकी वर्षं हे समजावतेय, याहून बरं मला अजून जमलेलं नाही.

मी बारीक काचेचा डायोड सांगितला होता. तुम्ही जाड काळा आणलात, दुकानदार म्हणाला हा तगडा आहे. सोबत एक निळी चकती आणि बारीक फ्यूज. "आपल्या गावची लाईन कशी येते ते सांगितलं त्याला," तुम्ही म्हणालात, "तर म्हणला, हे बी लावा." विजेचा दाब अतोनात वाढला की चकती तो स्वतःवर घेते आणि तिच्या अलीकडचा फ्यूज उडतो. मी दोन्ही लावलं.

सात सकाळी टक्क झालं. सातही सकाळी मी गजराच्या आधीच उठून, श्वास धरून बसलेली.

आठव्या पहाटे लाईन पिसाळली. शेजारचे दोन बल्ब फट्‌ फट्‌ फुटले. गजर झाला आणि डबा गप्प. उघडून पाहते तर फ्यूज जळालेला. तुम्ही अंगणात बाजेवर, डोळे मिटून. मी टॉर्चमधले सेल काढून रेडिओत घातले, बटण फिरवलं.

"आठ झाले," तुम्ही डोळे न उघडता म्हणालात. दुपारी फॉर्म आला. संध्याकाळी टॉर्चमध्ये तुम्ही नवे सेल घातलेत. जुने कुठं गेले, ते विचारलं नाहीत.

आज लेखात फ्यूजपाशी आले आणि खुर्चीवरून उठलेच, दादा. डबा हरलाच नव्हता. फ्यूज गेला म्हणून रिले ओढला गेला नाही, आणि म्हणून ती पिसाळलेली लाईन तुमच्या रेडिओपर्यंत पोचली नाही. त्याला ज्यासाठी लावलं होतं ते त्याने चोख केलं होतं. जळका फ्यूज तुमच्या तळहातावर ठेवून मला भांडता आलं असतं, आणि मी जिंकले असते. पण तेव्हा तेवढं कळत नव्हतं, आणि भीती फार होती.

लेख आता पुरा करते. हे पान वहीतच राहील. फक्त एवढंच, की आठव्या सकाळी रेडिओच्या आधी जो टक्क आवाज तुम्ही ऐकलात, तो मी जिभेने काढला होता.