‘बीकन’मधला तोतया

न्यू बेडफर्ड,
४ मार्च १८५१

चि. ओबेड यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र टपालात टाकत नाही. आगबोटीवरच्या सायमनच्या हाती देते आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

मी इस्त्रीला जाते त्या घरी न्यूयॉर्कच्या ‘बीकन’ वर्तमानपत्राचा अंक पडला होता. त्यात गुलामगिरीविरुद्धचं तुझं भाषण, आणि खाली बातमीदाराची मल्लिनाथी: इतकं शुद्ध बोलणाऱ्याने चाबूक कधी पाहिला तरी असेल का? हा चळवळवाल्यांनी उभा केलेला तोतया. खरा पळालेला गुलाम असेल तर मालकाचं, गावाचं आणि स्वतःचं जुनं नाव सांगावं. वाचता वाचता चादर करपली.

पुढचं ऐक. सोमवारी एक गोरे गृहस्थ दारात. म्हणे, मी तुमच्याच बाजूच्या पत्राचा, ओबेडचं चरित्र छापायचंय; आई त्याला काय म्हणून हाक मारायची? बोलणं लोण्यासारखं. मी कॉफीबरोबर मेपलच्या झाडाची साखर ठेवली, तर विचारतात, पांढरी नाही का हो? गुलामांच्या घामाची ती पांढरी साखर आपल्या चळवळीतल्या घरांचा उंबरा ओलांडत नाही, आणि हा म्हणे चळवळीतला! मी सांगितलं, मी त्याची कोणी नाही, नुसती घरमालकीण.

मला मालकिणीने मरताना कागदावर मोकळं केलं. तू स्वतःच्या पायांनी मोकळा झालास. पळालेल्यांना धरून मालकाला परत देण्याच्या गेल्या सालच्या कायद्याने तुला भर बाजारातून मेरीलँडला ओढून नेतील. तोंड आवर. माया आहेच, ती ओळखून वाग.
तुझी ताई,
केझाया

सिरॅक्यूज,
९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साखरेवरून हेर ओळखायचे तर आमची निम्मी कमिटी धरावी लागेल. तू पहिल्यापासूनच संशयी. कोंबडी कमी भरली की आधी माझं तोंड हुंगायचीस. (कोंबडी मीच खाल्लेली असायची, हे सोड.)

पण हसू फार वेळ टिकत नाही. ‘बीकन’ने छापलं आणि दहा पत्रांनी उतरवून घेतलं. आता लोक भाषण ऐकत नाहीत, माझं तोंड निरखतात. काल एक बाई म्हणाल्या, पाठ दाखव. अध्यक्ष म्हणतात, मालकाचं नाव सांगून टाक, सगळे गप्प होतील. पहिल्या रांगेत ‘बीकन’चा चष्मेवाला बातमीदार पेन्सिल सरसावून त्याचीच वाट पाहत बसतो. ताई, मी बेड्या सोसल्या. खोटारडा म्हणवून घेणं सोसवत नाही. वीस तारखेच्या सभेत मी सगळं सांगणार. रागावू नकोस, जीव लावतेस तशीच लाव.
तुझा,
ओबेड

न्यू बेडफर्ड,
१६ मार्च

चि. ओबेड यास,
आशीर्वाद मागाहून, आधी शपथ: वीस तारखेला ते नाव घेतलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. तो साखरवाला एलिशा न्हाव्याकडे दाढीला आला. एलिशाने कोट खुंटीला लावला तर खिशात बेड्या खुळखुळल्या! बोलणंही थेट मेरीलँडचं, एलिशा म्हणतो. खोटा म्हणणारे आणि नाव विचारणारे एकाच चुलीवर शिजवतात रे. त्यांना तुझा खरेपणा नको, पत्ता हवाय.

म्हणून मी ‘बीकन’ला सहीनिशी लिहिलं: मी घरमालकीण. ओबेड आमच्याच गल्लीत स्वतंत्र जन्मला, बाप जहाजांची शिडं शिवायचा, पोरगा बॉस्टनपलीकडे गेला नव्हता. त्यांनी हौसेने छापलं. कात्रण सोबत आहे. आईच्या पोटच्या पोराला मी जगापुढे खोटं पाडलं. माझी जीभ झडायला हवी होती. पण तू जिवंत आणि मोकळा राहा, मग हव्या तेवढ्या शिव्या दे.
केझाया

सिरॅक्यूज,
२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कात्रण वाचून तुझा इतका राग आला की पत्र लिहायला बसून दोनदा फाडलं.

काल सभा झाली. वाटलं होतं, रिकाम्या बाकांशी बोलावं लागेल. पाहतो तर मुंगीला जागा नाही. तोतया बघायला गाव लोटलेलं! तुझा साखरवाला मागे भिंतीला टेकून उभा. अध्यक्ष खुणावत होते, सांग नाव. ते ओठांवर आलंही होतं. मग तुझी शपथ आठवली, आणि मी कात्रणच वाचून दाखवलं. म्हणालो, या बाईंनी खरं लिहिलंय. मी जन्मतः स्वतंत्र आहे. या घटकेला मेरीलँडच्या शेतात वाकलेली प्रत्येक आई आणि तिचं लेकरू जन्मतः स्वतंत्र आहे. तोतया आहे तो त्यांना माल म्हणणारा कायदा!

छप्पर उडेल असा गजर झाला. चष्मेवाल्याने पेन्सिल खाली ठेवली. का, कोण जाणे. साखरवाला आज रिकाम्या हाताने दक्षिणेच्या गाडीत चढताना आपल्या माणसांनी पाहिला.

एक मागणं आहे. आईने ठेवलेल्या नावाने मला कितीतरी वर्षांत कोणी हाक मारलेली नाही. पुढच्या पत्रात एकदाच लिही.
तुझा,
ओबेड

न्यू बेडफर्ड,
२७ मार्च

चि. ओबेड यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ‘बीकन’ म्हणतो, तोतयाने भरसभेत कबुली दिली की आपण जन्मतः स्वतंत्र आहोत. एवढंच छापलंय. वाचून हसले, मग पोटभर रडले. तो चष्मेवाला मूर्ख की आपला, देवालाच ठाऊक. कधी दारात आलाच, तर आधी मेपलची साखर पुढे करीन.

नाव मात्र लिहिणार नाही. सायमन भला आहे, पण त्याच्या कोटालाही खिसे आहेत. ते नाव कागदावर कधी आलं नाही, म्हणून कोणाला चोरता आलं नाही. तूच ये. दार वाजवलंस की आतून त्या नावाने हाक मारीन. ओ दिलीस, तरच कडी काढीन.
तुझी ताई