दोन डाव्या बाह्या

४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या रक्ताचे रिपोर्ट आले. तपासणी आमच्याच लॅबमध्ये झाली, त्यामुळे पहिल्यांदा मीच वाचले. शरीरातली सूज दाखवणारे आकडे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत. आणि अल्झायमरची जोखीम वाढवणाऱ्या जनुकाच्या तिच्याकडे दोन्ही प्रती निघाल्या. म्हणजे एक आपल्या दोघांनाही आलीच. दुसरी बाबांकडून आली का, ते तपासल्यावरच कळेल. जोखीम म्हणजे आजार नव्हे, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. तरी मी माझं रक्त दिलंय, तूही दे. सुईला घाबरणारा शिंपी म्हणून हसं करून घेऊ नकोस.

मला सारखा तो हेडमास्तरांचा कोट आठवतो. कापड उलटवायचं विसरून आईने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. आपण पोट धरून हसलो. ती हसली नव्हती रे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ठकू

१६ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

रक्त दिलं, चक्करही आली, आता खूश हो. पण निकाल मला सांगायचा नाही.

आई दिवसभर दुकानात माझ्यासमोर बसते. कापडाची सुलट बाजू अंगठ्याने अजून बरोबर ओळखते, मला ओळखत नाही. काल मला अहो मास्तर म्हणाली आणि काही काम मिळेल का, असं विचारलं. मी चिंधी आणि सुईदोरा दिला. ती मन लावून टाके घालत बसली आणि मी मशीनवर मान खाली घालून रडलो. उद्या माझंही असंच होणार असेल, तर ते आज कळून मी काय करू?

लॅबमध्ये गारठतेस म्हणून तुला गरम कोट शिवतोय. माप जुनंच धरलंय. सुटली असशील तर वेळीच कळव.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नये.
तुझा दादा

९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल आले. माझ्याकडे एकच प्रत आहे. तुझा तू विचारला नाहीस, म्हणून लिहीत नाही.

कोट मिळाला. इतका छान बसलाय की लॅबमध्ये सगळे शिंप्याचा पत्ता विचारतात. मी थोडी रजा टाकून येते आहे. आईची आठवण येते, एवढंच कारण. तू रोज फिरायला जात जा. रक्तदाब तपासून घे. झोप नीट लागते ना?

काळजी घे, माझ्यासाठी तरी.
तुझी ठकू

१७ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

खोटं बोलण्यात तू लहानपणापासून कच्ची. कोट बसलाच कसा? त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत.

इस्त्री करताना लक्षात आलं. कापड शिल्लक होतं, उजवी बाही नव्याने लावता आली असती. उसवायलाही बसलो होतो. मग वाटलं, तू तिकडे एकटी निकाल पोटात ठेवणार, मी इकडे कोट. म्हणून तसाच पाठवला. दमलेला होतो, चूक कुणाचीही होते, असं स्वतःला सांगतोय. पण माझ्या हातून ही चूक आजवर कधी झाली नव्हती.

आता मला निकाल ऐकायचाय. पत्रात नको, समोर बसून सांग. मला फार भीती वाटते गं. येताना कोट आण, आईजवळ बसून बाही बदलू. आणि रजा जमेल तितकी मोठी घे.

लवकर ये. दार मीच उघडेन, आणि ठकू म्हणून हाक मारेन.

वाट पाहणारा,
तुझा दादा