आम्हाला काही वाटत नाही

मलकपेठ, हैदराबाद
सोमवार, १३ फेब्रुवारी २०२३

चि. सुमेधा,

जयभीम. आम्ही दोघं बरे आहोत, कुकटपल्लीला तूही बरी असशील असं धरून चालतो. काल तू ताटात टाकून गेलेली अर्धी भाकर आईने झाकून ठेवली होती, सकाळी चहाबरोबर मीच खाल्ली. तिचा गुडघा आहे तसाच आहे. बाजारात तुरीच्या शेंगा अजून येतात, पण आता जून निघायला लागल्या.

तुला मराठी अडखळत वाचता येतं, म्हणून अक्षर सुटं काढतो आहे. फोनवर बोललो असतो, पण तिथे तू "हौ बाबा, हौ बाबा" करतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

काल जेवताना तू ऑफिसातली गोष्ट सांगितलीस, ती मला नीट कळली का बघ. तुमच्या कामात एक मशीन हुकूम देतं आणि बाकीची त्याची नक्कल करतात. हुकूम देणारं मास्टर, ऐकणारी स्लेव्ह. तुझ्या हाताखालची नांदेडची ज्योती म्हणाली, हे शब्द काढू, दुसरे घालू. मीटिंग बसली. तुझ्या ऑफिसातला हर्षवर्धन म्हणाला, "मग कोपऱ्यावरच्या टेलरमास्टरलाही नोटीस पाठवू या." सगळे हसले. एकजण म्हणाला, हजार ठिकाणी बदलावं लागेल, काम अडेल. दुसरा म्हणाला, "ज्योती, तू कशाला अंगाला लावून घेतेस? ते गुलाम अमेरिकेतले, तुमच्यातले नाहीत." 'तुमच्यातले' ऐकून तिने वही मिटली. मग सगळ्यांनी मॅडमकडे, म्हणजे तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "शब्दच आहे. मला काही वाटत नाही."

आपण कोण, ते तुझ्या ऑफिसात कोणाला माहीत नाही. एका ज्योतीला माहीत आहे. तिने तुला विहारात पाहिलंय, आणि तरी त्या मीटिंगमध्ये तिने तुझं गुपित फोडलं नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आता शुक्रवारी तुला दोन्हींचा निकाल द्यायचा आहे, शब्दांचा आणि तिच्या राजीनाम्याचा.

आईने विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं गं?" तू म्हणालीस, "नाही, काहीच नाही वाटलं," आणि लोणचं वाढून घेतलंस. माझंही तसंच झालं. गरम चहाने जीभ भाजली की दिवसभर कशाची चव लागत नाही, तसं. मी उठून हात धुतले.

आमच्या कारखान्यात टाइम ऑफिसात एक मोठं घड्याळ होतं. त्याच्या तारेवर सगळ्या शेडमधली चौदा घड्याळं चालायची. मोठ्यावर मास्टर अशी पाटी, बाकीच्यांवर स्लेव्ह एक, स्लेव्ह दोन. मी सातवी नापास वायरमन, इंग्रजी असल्या पाट्यांवरूनच लावत गेलो. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक डिक्शनरी आणली, अर्थ पाहिला, आणि रंगकाम निघालं तेव्हा स्वतःच ब्रश घेऊन 'बडी घडी', 'छोटी घडी' लिहून टाकलं. कोणी हूं की चूं केलं नाही. एकही घड्याळ मिनिटभर मागे पडलं नाही. काम अडेल म्हणणाऱ्याला एवढं सांग.

इथेच पत्र संपवणार होतो. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, तुलाही दहादा सांगितली असेल. तिच्या पाठची मात्र सांगत नाही.

घड्याळांचं नाव बदललं, माझं तेच राहिलं. फोरमन मला दौलत म्हणत नसे. जातीच्या नावाने हाक मारी, आणि मी "जी साब" म्हणून जाई. मग परभणीचा विकास कामाला लागला, आपल्यातलाच. पहिल्याच आठवड्यात त्यालाही तशीच हाक आली. तो वळलाच नाही. त्याने अर्ज लिहिला आणि माझ्याकडे आला. "काका, तुम्ही जुने. तुमची सही पडली की ऐकतील." मी म्हणालो, बघू.

दोन दिवसांनी मॅनेजरने मला बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला. "क्यों दौलतराव, आपको कुछ तकलीफ है?" एवढ्या वर्षांत त्या इमारतीत माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानेच मी विरघळलो. म्हणालो, "लफ्जच है साब. हमकू कुछ नै लगता."

खोटी तक्रार केली म्हणून विकासला काढलं. जाताना तो माझा टेस्टर परत द्यायला आला. "येतो काका," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे तो कुठे गेला, मी विचारलं नाही. रिटायर होईपर्यंत मी त्याच हाकेला ओ देत राहिलो.

विकासला काढलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझ्या आईलाही हे आज सकाळी सांगितलं. ती शेंगा सोलत होती. टोपली बाजूला सारून म्हणाली, "पोरीला लिहा."

म्हणून लिहिलं. शब्द बदल, असं मी म्हणत नाही. आपण कोण ते ऑफिसात सांग, असंही म्हणत नाही. तिथे रोज बसायचं तुला आहे, मला नाही. पण ज्योतीच्या कागदावर सही करण्याआधी दार लावून तिच्याशी बोल. मी विकासशी बोललो नाही, आधी साहेबाला उत्तर दिलं. तिला सांग, मलाही वाटलं होतं म्हणून. तिला एकटीला सांगितलंस तरी चालेल. वाटलंच नसतं, तर काल तू ती गोष्ट आमच्या ताटापर्यंत आणली नसतीस, माय.

जमो न जमो, रविवारी ये.

तुझा बाप, ज्याला तेव्हाही वाटलं होतं,
दौलत