केयूरची चौकशी केयूरकडेच

ती. रावसाहेब भाओजींच्या सेवेशी,

पुण्याहून तात्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे, माझा उजवा गुडघा सोडून (कारण पुढे येईलच). आपली साखर आटोक्यात असेल आणि द्वारकाताई नेहमीप्रमाणे आपल्या आटोक्याबाहेर असेल, असे धरून चालतो.

आपल्या आज्ञेप्रमाणे पूर्णिमाच्या दोन्ही स्थळांची चौकशी केली. दोन्ही मुले खराडीला एकाच कंपनीत, तेव्हा एका फेरीत दोघांनाही उरका, ही आपलीच सूचना (पेट्रोलचा विचार केलात, गुडघ्याचा नाही). आपल्याला पृथ्वीराज पसंत, कारण तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट कर्मचारी. आपल्या लेकीला केयूर पसंत; कारण विचारले की नुसती हसते. नोकरीला लागल्यापासून पोरगी माझ्याकडे राहते, रोज सकाळी मला चहा करून देते. तिच्या जन्माचा प्रश्न, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

कंपनीच्या दारातच पृथ्वीराजचा हसरा फोटो टांगलेला आहे. तो बघत होतो तेवढ्यात वॉचमनने कोणाला भेटायचे म्हणून विचारले. मुलाला कळू न देता चौकशी करायची हा आपला रिवाज, म्हणून कोणालाच नाही, असे सांगितले. त्याने मला लगेच बाहेर काढले. मग समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो, तर काय, फोटोतला पृथ्वीराज साक्षात हजर! फोटो पाहिला असे नुसते म्हणालो आणि तो अख्खा कप संपेपर्यंत स्वतःबद्दल बोलला. मुलगा हुशार, वादच नाही. टीमकडून कसे काम काढून घेतो, त्या धास्तीने दोघे नोकरी सोडून गेले, हेही कौतुकाने सांगितले. निघताना माझी स्कूटर त्याच्या गाडीच्या आड आली, तेव्हा हॉर्न वाजवला. अहो, आत्ता सोबत चहा प्यायलेल्या माणसाला हॉर्न!

आता केयूर. त्याचा फोटो आपण पाहिलाच आहे. गॉगल आणि टोपी, म्हणजे चेहऱ्यातले मला ठाऊक होते ते फक्त नाक. टपरीवर माझ्या शेजारी त्याच कंपनीतला एक उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. त्याला विचारले, तुमच्यातला केयूर कसा आहे हो कामाला? तो म्हणाला, बरा आहे, फार पुढे जाईल असे नाही. टार्गेट अपुरे राहते, कारण इतरांची अडलेली कामे करत बसतो. यंदा बढती हुकली. दारू? एकदा बिअर घेतली, आवडली नाही, मागवली होती म्हणून संपवली. (हे मला फार पुणेरी वाटले.) बोलता बोलता त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला पेढा काढला आणि अर्धा मला दिला. अनोळखी माणसाला पेढा, तोही खराडीत! मग पृथ्वीराजचे विचारले. कामाला एक नंबर, म्हणाला. आणि माणूस म्हणून? तर म्हणे, काका, चहा गार होतोय.

एवढ्यात राजनंदिनी नावाची त्यांची सहकारी आली आणि माझ्या या साक्षीदाराला म्हणाली, केयूर, मीटिंग आहे, चल! अहो, मी मुलाची चौकशी मुलाकडेच करत होतो, आणि तो स्वतःविरुद्ध साक्ष देत होता! नाव का नाही सांगितलेस म्हटले, तर म्हणे, तुम्ही कामाचं विचारलंत. मग राजनंदिनीनेच सांगितले की कामात चूक तिची होती, पण ते तपासले मी होते, असे म्हणून हा वरिष्ठांसमोर उभा राहिला, आणि बढती गेली ती तिथेच.

माझी स्कूटर नेमकी तेव्हाच रुसली. मला यातले काही कळत नाही, असे केयूरने आधीच जाहीर केले आणि गॅरेजपर्यंत ढकलत नेली. मीही मागून हात लावला (गुडघा!). मीटिंगला तो अर्थातच उशिरा पोहोचला.

काम चोख असले की स्वभाव चालवून घेता येतो, असे आपण नेहमी म्हणता. कंपनीला चालेल हो, ती संध्याकाळी दिवे घालवून मोकळी होते. आपल्या पोरीला तो माणूस घरी घ्यायचा आहे. भाओजी, मला हा मुलगा फार आवडला. आपण मनापासून हो म्हणावे, एवढेच.

ताईला नमस्कार सांगावा, तिने न विचारताही.

आपला मेहुणा,
तात्याराव

ता. क. रविवारी केयूर माझी स्कूटर घेऊन येणार आहे, त्याचे आईवडील मागून रिक्षाने. आपण दोघे शनिवारीच यावे. तो उशिरा येईल. वाटेत कोणाचे तरी काहीतरी अडलेले असेल. रागावू नये.

ता. क. २. तो अर्धा पेढा पृथ्वीराजच्या साखरपुड्याचा होता. त्याचे लग्न दुसरीकडे ठरले. हे पहिल्याच ओळीत लिहिले असते, तर आपण केयूरला नाइलाजाने हो म्हणाला असता. पत्र इथपर्यंत वाचताना मनात हो आले असेल, तर तेवढेच मला कळवा.