आयुष्यपाटावरचे बटाटे

तीर्थरूप मामांना,

सोळा वर्षं तुमच्या हाताखाली शिकून अजून कच्चाच राहिलेल्या भाच्याचा नमस्कार. मामींनाही सांगा, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा. आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे वाक्य पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलेलं नाही. मधले नऊ दिवस आम्ही सुखरूप नव्हतो आणि परवा दुपारपासून आहोत, म्हणून मुद्दाम लिहिलं. लिहून इतकं बरं वाटलं की पुन्हा लिहितो: सुखरूप आहोत.

दुकान ठीक चाललं आहे. अवशेषांतून वर येणाऱ्या जुन्या वस्तूंना तोटा नाही. गेल्या महिन्यात अठ्ठावीस बटणांचा एक राजदंड आला (कोणतंही दाबा, काहीच होत नाही, ज्या पिशाच्चाला तो हुकूम द्यायचा ते केव्हाच नोकरी सोडून गेलं असावं). भूतबाधा ओळखणारी पांढरी चकती मी घरी स्वयंपाकघरात टांगली होती, ती काढून ठेवली. आमटी करपली की ती किंचाळायची, आणि हिचं म्हणणं पडलं की भूत म्हणजे कोण ते एकदा स्पष्ट सांगा. पण पत्राचा विषय चकती नाही. विषय आयुष्यपाट आहे.

आयुष्यपाट तुम्हाला मी काय सांगणार! बारा वर्षांपूर्वी बुडालेल्या तळघरातून तो काळा काचेचा पाट वर आला, उन्हात ठेवल्यावर जागा झाला, त्यावर उभं राहिलं की आकडा उमटू लागला. आकड्याशेजारी ‘कि. ग्र.’ अशी झिजलेली अक्षरं होती. तुम्ही तीन दिवस दार लावून बसलात आणि चौथ्या दिवशी पारखी मंडळाला अर्थ दिलात: किती ग्रीष्म. म्हणजे या माणसाचे अजून किती उन्हाळे उरले. पुरावेही भक्कम होते. चिलखत घातलं की योद्ध्याचा आकडा बावीसने वाढे, म्हणजे चिलखताने जीव वाचतो हे सिद्धच झालं. परी उभी राहिली तर आकडाच येईना, म्हणजे ती अमर. तेव्हापासून मोहिमेवर निघालेला प्रत्येक जण आधी आमच्या पाटावर उभा राहतो, आणि धष्टपुष्ट माणसं हसत अवशेषांत उतरतात.

तर अकरा दिवसांपूर्वी महिन्याची झालेली आमची लेक घेऊन ही दुकानात आली. गिऱ्हाइकं होती. मला बापपणाचा तोरा चढला (हा भाग मी भरभर लिहितो, तुम्हीही भरभर वाचा). मी पोरीला उचलून पाटावर ठेवलं. नव्वदच्या खाली काही येईल असं मनातही नव्हतं. आकडा आला चार.

एका गिऱ्हाइकाने टोपी काढली, त्याचा मला अजून राग आहे. ही पोरीला घेऊन घरी गेली. मामा, तुम्ही हिला ओळखता. ही भांडत असते तेव्हा घर ठीक असतं. दोन दिवस ही भांडली नाही. मी माझ्या परीने मार्ग काढला, की जिथे उन्हाळाच येत नाही अशा डोंगरमाथ्यावर जाऊन राहू, म्हणजे चार ग्रीष्म कधी पुरे व्हायचेच नाहीत. सामानसुद्धा बांधायला घेतलं होतं. आई म्हणाली, “आणि पोरगी पोहोचायच्या आधी तू थंडीने जाशील, त्याचं काय?”

तिसऱ्या दिवशी ही पुन्हा पाटाशी आली. पोरीसकट उभी राहिली तर सत्तावन्न. पोर आईकडे दिली तर त्रेपन्न. हिने हिशेब लावला तो असा, की कडेवर घेतलं की आपलं आणि पोरीचं आयुष्य एक होतं. त्या घटकेपासून हिने पोरीला खाली ठेवलं नाही. स्वयंपाक कडेवर, जेवण कडेवर, झोप भिंतीला टेकून. मी म्हटलं, थोडा वेळ मी घेतो, माझी एकाहत्तर आहेत. तर म्हणाली, “तुमची असू द्या. पाटावर तुम्हीच ठेवलीत ना तिला?” मी जाऊन हिच्या पाठीमागे भिंतीशी उशी लावली.

परवा दुपारी मंडईतून येताना ही आईला घेऊन दुकानात शिरली, आकडा काही वाढला का ते बघायला. कडेवर पोर, खांद्याला बटाट्यांची पिशवी. उभी राहिली तर सदुसष्ट! ही ओरडलीच, “दहा वाढली! अहो, दहा वाढली!” मी गल्ल्यावरून उडी मारून आलो. रडलोही थोडा.

आई मात्र पाटाकडे बघत उभी. म्हणाली, “पिशवी खाली ठेव बघू.”

सत्तावन्न.

“घे परत.”

सदुसष्ट.

“म्हणजे बटाट्यांना दहा वर्षं?” आई म्हणाली. “मागच्या खेपेच्या बटाट्यांना चार दिवसांत कोंब आले होते.”

मग आम्ही दुकानात हाताला लागेल ते पाटावर ठेवलं. तिपाई: सहा. लोहाराची ऐरण: नव्वद (ऐरणीला उन्हाळ्यांची काय पडली आहे?). दुकानातली मांजर: तीन, आणि पाच वर्षांपूर्वी ती पाटावर झोपली होती तेव्हाही तीनच आले होते. एक योद्धा मोहिमेआधी उभा राहायला आला होता, त्याला चिलखत उतरवायला लावून ते नुसतंच ठेवलं. बरोबर बावीस. तो बिचारा कुडकुडत म्हणाला, “मग माझी ती बावीस वर्षं?” आई म्हणाली, “लोखंडाची होती रे बाबा ती. गंजेपर्यंत टिकतील.”

मामा, तो पाट वजन सांगतो. बाकी काही नाही. आमची पोर चार भरते, आणि सुईण म्हणते की महिन्याच्या पोरीने त्याहून जास्त भरू नये, नाहीतर तिच्या आईचे हात दुखतात. हिने पोरीला सात दिवसांत पहिल्यांदा पाळण्यात ठेवलं, पाच मिनिटं हसली, पाच मिनिटं रडली आणि मग माझ्याशी जी भांडायला बसली ती दिवे लागेपर्यंत. इतकं सुखाचं भांडण आमच्या घरात कधी झालं नव्हतं. मी प्रत्येक मुद्द्याला ‘हो’ म्हणालो.

तुम्हाला दोष द्यायला हे पत्र नाही. झिजलेलं अक्षर कोणीही चुकीचं वाचेल. (आई म्हणते, माझा भाऊ न झिजलेलंही वाचायचा. ते मी लिहिणार नव्हतो, पण ती शेजारीच बसली आहे.)

तुमचा,
भाचा

ता. क. मंडळाला दुरुस्ती तुमच्याच सहीची लागेल. ‘किती ग्रीष्म’ खोडून काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. हिने ‘किती ग्रास’ सुचवलं आहे.

ता. क. दुसरा, आणि खरं म्हणजे पत्र याचसाठी. काल मामींचं पत्र आलं. पाटाच्या नोंदवहीत पहिलं नाव तुमचं आहे आणि आकडा एकशे बारा, हे मला माहीत होतं. पण इतके उन्हाळे शिल्लक असलेल्या माणसाला औषध कशाला, असं म्हणून तुम्ही वैद्यांचा काढा रोज कुंडीत ओतता, हे माहीत नव्हतं. (झाड उत्तम वाढलं आहे, असं मामी लिहितात.) मामा, ते एकशे बारा म्हणजे तुमचं पोट आहे. कृपा करून आजपासून काढा घ्या. इथल्या वैद्यांना मी विचारलं. नेमाने घेतलात तर दीड महिन्यात इथवर प्रवास झेपेल म्हणतात. पोरीचं नाव आम्ही अजून ठेवलेलं नाही. आधी धीर झाला नाही, आणि आता ही म्हणते की मामांनीच येऊन ठेवायचं. तोवर आम्ही तिला ‘अगं’ म्हणतो, आणि ती बघते.