पित्ताची पिशवी अन् जठारपेठेतले पापड

३ मार्च, सोमवार

खडे पडले म्हणे! काल ह्यायनं मले अर्धा पेला तेल पाजलं, त्यात आठ लिंबं पिळून. पित्ताच्या पिशवीतले खडे असेच पडतात, कोणीतरी सांगतलं म्हणे. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यायले नाही म्हणणं मले काही जमलं नाही. सकाळी परसाकडे हिरव्या गोळ्या पडल्या. हे काडीनं मोजत बसले! "अठ्ठावीस! झाली ना पिशवी रिकामी? डॉक्टर लोकायले काय, कापायले बहाणाच पायजे!" शेजारच्या गंगूबाईले बोलावून दाखवल्या. पोट माझं, अन् प्रदर्शन खुशालरावांचं!

५ मार्च, बुधवार

सून रागिणीनं अमरावतीले नेलं. घरी सांगतलं, ब्लाउज शिवायले टाकायचे आहेत. सोनोग्राफी केली. खडे जिथल्या तिथं! एक तर बोराएवढा. डॉक्टरले हसू आवरेना — "काकू, ते खडे नव्हते. तेल अन् लिंबाचा पोटात साबण झाला." अठ्ठावीस साबणाच्या वड्या! मी बी हसली.

मग डॉक्टर गंभीर झाले. पिशवी सुजली आहे. एखादा खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, जिवावर बेतेल. काढून टाका म्हणे.

ह्यायले सांगून उपयोग नाही. "देवानं दिलेलं काढत नसतात" — विषय बंद.

८ मार्च, शनिवार

तुपात बुडवलेले रोडगे अन् भरीत खाल्लं. चुकलं. उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मिरचीच्या वाफ्यातच बसली. घाम. पाठीपर्यंत दुखणं. हे तांब्या घेऊन पळत आले. म्हणे, "तेल आणू काय?"

मरणाचं दुखत होतं, तरी हसू आलं. तिथंच ठरवलं — काढायची.

१२ मार्च, बुधवार

रागिणीचं माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. ऑपरेशन तिथं करायचं. घरी काय सांगायचं? आधी वाटलं, मोझरीच्या आश्रमात शिबिराले जातो म्हणावं. पण आपल्या तिवस्याहून मोझरी कितीशी? हे डबा घेऊन हजर होतील! अन् आश्रमाच्या नावानं खोटं बोलू? एवढी मी बी बिघडली नाही. पापडाच्या नावानं चालते. "विहीणबाईसंगं वर्षाचे पापड करून येतो." हे खूश. म्हणे, "मुगाचे जास्त कर."

१९ मार्च, बुधवार. अकोला

रक्त, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी — सगळं झालं. डॉक्टरीणबाई रागिणीच्या वयाची, पण बोलणं सरळ. दुर्बिणीतून करू, चार भोकं. आत चिकटलेलं असलं तर पोट मोठं कापावं लागते. रक्त जास्त जाऊ शकते. पित्ताची नळी दुखावली तर दुसरं ऑपरेशन. असं क्वचित होते, पण होते.

"पिशवीबिगर जेवण पचते काय?"

"पचते, काकू. पित्त यकृतात बनते, पिशवी फक्त साठवते. सुरुवातीले तेलकट कमी खा."

म्हणजे वरणावरची तेलाची धार गेली!

सही करताना पेन थांबला. माझं काही झालं तर ह्यायले काय सांगतील? पापड लाटता लाटता गेली म्हणून?

केली सही.

२० मार्च, गुरुवार

उपाशी. हिरवा झगा घातला, मागून सगळा उघडा! रागिणी हसते, अन् डोळे पुसते.

२२ मार्च, शनिवार

जिवंत आहे.

तासाभराचं काम, अडीच तास लागले. पिशवी आतड्याले चिकटली होती. मोठं कापावं लागते की काय, असं झालं होतं म्हणे. पण निभलं. चारच भोकं. दुखते मात्र खांदा! पोट फुगवायले गॅस भरतात, तो वर चढते म्हणे.

ह्यायचा फोन आला.

"किती झाले पापड?"

"दोनशे. मुगाचे."

"आवाज काहून असा?"

"पीठ गेलं नाकात!"

विहीणबाई तोंडात पदर कोंबून हसल्या. त्यायले पाहून मी हसली. टाक्यायले अशी कळ लागली — माय वं!

२५ मार्च, मंगळवार

घरी आली. जठारपेठेतल्या दुकानातून पापड घेतले, घरच्या डब्यात भरले. ह्यायनं दोन भाजून खाल्ले. डोळे मिटून म्हणे, "तुह्या हातची चवच निराळी!" रागिणी उठून आत गेली. मी कशीबशी बसून राहिली.

वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं. ह्यायले म्हणलं, लाटून लाटून कंबर गेली. तर हे पाणी भरून राहिले! छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. गंगूबाई तीनदा बघून गेली.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी ह्यायनंच उभारली. मले हात वर करू दिला नाही. "तू बस. दमली तू." लई वाईट वाटलं. सांगून टाकावं काय?

नको. आठ दिवसांनी सांगू. एवढी सेवा परत कधी होणार!

४ एप्रिल, शुक्रवार

टाके दाखवायले अकोल्याले गेली होती. काढलेली पिशवी तपासायले पाठवतात, हे मले माहीतच नव्हतं. आतल्या अस्तरात कॅन्सरची सुरुवात होती. तिथंच होता, पुढं सरकला नव्हता. पिशवीसंगंच गेला. आणखी कापायचं काम नाही, फक्त दर तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणे, "वर्षभर थांबल्या असत्या, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

घरी येऊन ह्यायले सगळं सांगतलं. पहिल्यापासून. वाटलं, ओरडतील. हे खाली बसले, ओसरीवर, नुसत्या जमिनीवर.

मग म्हणे, "मी तर तुले जाऊच दिलं नसतं."